वांग्याचं माहेर

हरितलवक खोटं बोलत नाही. माणसं बोलतात, वंशावळी बोलतात, प्रसंग पडला तर ताम्रपटही बोलतात. पण पानाच्या पेशीत बसलेला तो इवलासा हिरवा कण पृथ्वीच्या आद्यकाळाची साक्ष जपून आहे, आणि ज्याला ती वाचता येते त्याला तो सत्यच सांगतो.

हे मी एका फलकासाठी लिहिलं होतं. फलक वांग्याचा होता, आणि यातलं एकही वाक्य त्यावर आलं नाही.

झालं असं. रावेर तालुक्यातल्या एका गावात भरताची वांगी होतात. पांढरट हिरवी, लहान भोपळ्याएवढी, बिया कमी आणि गर भरपूर. तिथल्या यशवंतभाऊंना गावाच्या वेशीवर या वांग्याचा फलक लावायचा होता. यशवंतभाऊ केळीचे बागायतदार आणि गावचे माजी सरपंच. आपलं वांगं प्राचीन आहे हे त्यांना ठाऊकच होतं, फक्त ते शास्त्राने एकदा म्हणायला हवं होतं. म्हणून त्यांनी माझ्या मावसबहिणीला, प्रमिलाला, गाठलं. ती धुळ्याला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि वांगी, टोमॅटो, धोतरा या कुळातल्या झाडांची हरितलवकं तपासते. मी आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं तपासली. त्यामुळे तिचा फोन आला.

"दादा, फलकाचा मजकूर तू लिही. आणि सोबतीला चल, तीन-चार दिवस. येताना मंडईतून एक जांभळं वांगं आण."

"धुळ्यात वांगी मिळत नाहीत?"

"मिळतात. पण मला त्या गावाशी काडीचा संबंध नसलेलं वांगं हवंय."

देवपूर

देवपूर म्हणजे पांझरेपलीकडचं धुळं. पुलावरून जाताना रिक्षावाल्याने माझ्या पिशवीतून डोकावणारा देठ पाहिला. "पुण्याहून वांगं आणलं का, काका?" मी होय म्हणालो. उरलेला रस्ता तो माझ्याशी बोलला नाही.

प्रमिलाने वांगं हातात घेतलं, त्याच्या डोक्यावरची हिरवी टोपी ब्लेडने कापली, तुकडे सिलिकाच्या कोरड्या दाण्यांबरोबर पाकिटात टाकले आणि वर 'पुणे' असं लिहिलं. हिरवं आहे तिथे हरितलवक आहे, तेव्हा टोपीवर काम भागतं. उरलेल्या वांग्याची दुपारी भाजी झाली. संशोधनाच्या फार थोड्या शाखांत ही सोय असते.

जेवताना तिने मला तिचा विषय समजावला. मला समजला तेवढा इथे देतो.

हरितलवक म्हणजे पानातला स्वयंपाकी. उन्हावर साखर रांधतो. पण तो मूळचा घरातला नाही. फार पूर्वी, झाडं नावाची गोष्टच नव्हती तेव्हा, तो एक स्वतंत्र जिवाणू होता. एका मोठ्या पेशीने त्याला गिळलं आणि कुठल्याशा कारणाने पचवलं नाही. तो आत राहिला, रांधू लागला, आणि आजतागायत रांधतो आहे. मात्र येताना तो स्वतःची पोथी घेऊन आला होता. तिची बरीच पानं पुढे घरमालकाच्या दप्तरात गेली, पण काही त्याने सोडली नाहीत. वांग्याच्या हरितलवकाची पोथी साधारण दीड लाख अक्षरांची आहे. एवढ्याशा मजकुरावर उत्क्रांतीच्या अभ्यासकांनी वनस्पतींची अख्खी कुळं मोडून पुन्हा मांडली आहेत. फुलांच्या दिसण्यावरून सख्खी ठरवलेली झाडं परकी निघाली आणि परकी मानलेली सख्खी.

"सोपं आहे," ती म्हणाली. "नकलताना चुका होतात. ज्या दोन झाडांत त्याच चुका आहेत, त्यांनी एकाच प्रतीवरून नक्कल केली."

चुकांवरून घराणं ओळखायची ही रीत मला ओळखीची वाटली. मुद्रितशोधकही हेच करतो.

"आणि ही पोथी," तिने पुढे सांगितलं, "बहुतेक फुलझाडांत फक्त आईकडून येते. परागकण बापाचं बाकी सगळं आणतात, हे आणत नाहीत. वांग्यातही तसंच."

मी जेवता जेवता थांबलो. माझी आई आणि प्रमिलाची आई सख्ख्या बहिणी. आमचा कुलवृत्तांत माझ्या चुलत्यांनी छापून घेतला, जाड पुठ्ठ्याचा, वर सोनेरी अक्षरं. त्यात माझी आई कंसात आहे आणि मावशी कुठेच नाही. प्रमिलाच्या सासरच्या ग्रंथात बहुधा प्रमिला कंसात असेल. आम्ही दोघं एकमेकांचे कोण, हे कुठल्याच छापील पानावरून कळणार नाही. वांग्याच्या पानावरून मात्र कळलं असतं.

संध्याकाळी तिचा फोन वाजला. तिने तो स्पीकरवर टाकला, कारण पलीकडचा आवाज तसाही खोलीभर ऐकू येत होता. यशवंतभाऊंची आई. तिला गावात सगळे, मुलगासुद्धा, अक्का म्हणतात. मुलगा बाहेर गेल्यावर तिने त्याचाच फोन उचलला होता.

"ताई, तुम्ही पहिले पिंपळनेर जा. मना भाऊ शे तठे. तठलं पान घ्या, मंग आठे या. हाई वांगं मना मायनं शे. मी आनेल शे लगनमा. नि हाऊ यशवंता बोर्डवर आजाना नाव टाकस!"

"अक्का, यशवंतभाऊंना माहीत आहे का, तुम्ही फोन केलाय ते?"

"त्याले काय माहीत शे?" असं म्हणून फोन बंद झाला. पिंपळनेर हे तिचं माहेर; वांगं तिच्या आईचं आणि तिने लग्नात आणलेलं, असं तिचं म्हणणं होतं.

पिंपळनेर

धुळ्याच्या पश्चिमेला साक्री ओलांडली की जमीन उंचसखल होत जाते, डोंगर जवळ येतात आणि हवेला थोडा ओलावा येतो. पिंपळनेरचा बाजार आदिवासी पट्ट्यातल्या माणसांनी भरलेला होता. अक्काचे भाऊ, त्यांना आबा म्हणतात, गावाबाहेर शेतात राहतात. आम्हाला पाहून त्यांनी आधी खाट ओढली, मग पाणी दिलं, मग जेवायला वाढायला सांगितलं, आणि आम्ही कोण हे सगळ्यात शेवटी विचारलं. पुण्यात हा क्रम बरोबर उलटा असतो आणि मधल्या दोन पायऱ्या बऱ्याचदा गळतात.

नागलीची भाकरी आणि उडदाची डाळ पुढे आली. डाळीत तिखट किती होतं हे मला दुसऱ्या घासाला कळलं. आबा माझ्याकडे पाहत होते.

"तिखट लागनं का, भाऊ?"

"नाही, नाही."

"मंग डोयामा पानी काबर?"

झाडं गोठ्यामागे होती, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली. शेतात संकरित जांभळं वांगं होतं, बाजाराचं. घरच्यासाठी मात्र ही पांढरट हिरवी चार-दोन. प्रमिलाने कोवळी पानं खुडली, पाकिटात घातली, आणि सहज विचारावं तसं विचारलं, "आबा, हे बी तुमच्याकडे किती जुनं?"

आबांना प्रश्न आवडला. "आमनं जुनं बी ते त्या दुकायमा गयं. दाना राह्यना नही. मंग अक्का उनी आखाजीले, नि पदरमा बांधीसन लई उनी. हाई बठ्ठं अक्कानं शे."

आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया. खानदेशात त्या सणाला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. अक्का येताना बी घेऊन आली होती.

प्रमिलाचं ब्लेड हवेतच थांबलं. मला समजायला थोडा वेळ लागला. अक्काच्या म्हणण्याप्रमाणे बी माहेरून सासरी गेलं. पण माहेरचं पुढे दुष्काळात नष्ट झालं आणि आज तिथे जे आहे ते सासरहून आलेलं आहे. म्हणजे दोन्ही पानं सारखी निघणार हे न तपासता कळत होतं, आणि त्यातून बी आधी कुठे होतं हे तपासूनही कळणार नव्हतं.

गाडीत बसल्यावर मी म्हणालो, "म्हणजे हे माहेरचं वांगं सासरचं आहे."

"आणि सासरचं माहेरचं."

"असं अक्का म्हणते."

"हो," प्रमिला म्हणाली. "असं अक्का म्हणते."

रावेरच्या वाटेवर

जळगाव मागे पडलं, तापी ओलांडली आणि केळी सुरू झाल्या. मग दुसरं काही दिसेना. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ आणि तिच्यापर्यंत नुसत्या केळी, घडांना पिशव्या चढवलेल्या. मधून मधून ट्रक, आणि ट्रकमागे अडकलेले ट्रॅक्टर. एका बागेशी प्रमिलाने गाडी थांबवायला लावली. बांधावर काटेरी डोरली होती, वांग्याची रानटी चुलती. तिची पानं घेता घेता ओरखडे आले. वांग्याने माणसाळताना काय सोडलं ते तिच्या हाताकडे पाहून कळत होतं.

मी समोरच्या केळींकडे बोट दाखवलं. "यांची पानं नको?"

"टिश्यूची रोपं आहेत. एकाच झाडाच्या प्रती. या बागेतलं पान घे की पुढच्या गावच्या बागेतलं, एकच."

एवढी हिरवीगार झाडं आणि एकालाही माहेर नाही. बाटलीतून आलेली.

मग मी मनात घोळत असलेला प्रश्न विचारला. डोरली आणि वांगं वेगळं ओळखता येतं, तर यशवंतभाऊंच्या आजोबांचं वांगं आणि अक्काच्या आईचं वांगं का ओळखता येऊ नये?

तेवढ्यात आमच्यापुढे केळीचा ट्रक वजनकाट्यावर चढत होता. "त्या काट्यावर चमचाभर जिरं तोलशील?" प्रमिला म्हणाली. "काटा खरा आहे. पण त्याला जिरं कळत नाही. हरितलवक फार सावकाश बदलतं. लाखो वर्षांचं विचार, सांगेल. दोन पिढ्यांमागचं विचारलंस तर गप्प बसेल."

"मग आपण कशाला चाललोय?"

"त्यांना हे फोनवर सांगितलं होतं. ते म्हणाले, मॅडम, तुम्ही या तर खरं."

गावात

फलक वेशीवर उभा होता, कापडात गुंडाळलेला. यशवंतभाऊंनी कडेचं कापड उचलून आम्हाला आधीच दाखवला. माणूस उमदा, आदरातिथ्यात कुठे कमी नाही. माझा मजकूर मिळाला होता, छान होता, पण पेंटरने तोवर स्वतःचा रंगवून टाकला होता. सगळ्यात वर आणि सगळ्यात मोठं, उद्घाटनाला येणाऱ्या पुढाऱ्यांचं नाव. ते कशाचे पुढारी होते हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्याखाली 'जगप्रसिद्ध भरीत वांगे', त्याखाली 'जनक: कै. दगडू पाटील', आणि बाजूला एक वांगं, गर्द जांभळं.

"हे जांभळं का?" मी विचारलं.

यशवंतभाऊंनी फलकाकडे नव्याने पाहिलं. "पेंटर मध्य प्रदेशातला हाय, सर," ते म्हणाले. "पण वांगं म्हणून वळखू येतं ना?"

बैठकीच्या खोलीत दगडू पाटलांचा हार घातलेला मोठा फोटो होता. यशवंतभाऊंनी त्यांची कथा सांगितली. सातपुड्यात वाट चुकलेल्या आजोबांना एक साधू भेटला. आजोबांनी त्याची सेवा केली. प्रसन्न होऊन त्याने मूठभर बी दिलं.

आतून आवाज आला. "साधू! मना सासरा उभा जलममा सातपुडा चढना नही. बजारले गया तरी दमी जाय."

"अक्का, असं काय करून राह्यली वं? पाव्हने बसले हायत."

"बसेल शेत म्हनीसनच सांगस!"

लग्नाला अर्धशतक उलटून गेलं, पण अक्काने पिंपळनेरची बोली सोडलेली नाही. पूर्वेकडचं हे गाव तिच्या 'शे'ला अजून हसतं आणि ती गावाच्या 'हाय'ला.

दिवेलागणीला ती मागच्या ओट्यावर बसली होती. बियांसाठी राखलेलं, झाडावरच पिवळं झालेलं वांगं तिने फोडलं होतं, आणि धुतलेलं बी राखेत मळत होती. प्रमिला तिच्याशेजारी बसली. मी पायरीवर.

"अक्का, खरं सांगू? यातून काही ठरायचं नाही," प्रमिला म्हणाली. "आबांकडचं झाड तुम्हीच नेलेल्या बियाचं. दोन्ही सारखीच निघणार."

"मंग चांगलंच शे ना?"

"चांगलं कसं? तुमच्या सासऱ्यांनी बी आणलं असतं आणि तुम्ही ते माहेरी नेलं असतं, तरी सारखीच निघाली असती."

अक्काचे हात थांबले. "तुले मना भरोसा नही का, पोरी?"

"मला आहे. यंत्राला भरवसा कळत नाही."

अक्का राख चाळवू लागली. मग जे बोलली ते कोणाकडे पाहून नव्हतं. तिचं लग्न झालं आणि पुढच्याच पावसाळ्यात आई गेली. नदीला पूर होता, निरोप आला तो सगळं झाल्यावर. आबा तेव्हा अंगावर पिणारा.

"तिना येक फोटू नही," ती म्हणाली. "लुगडं व्हतं, ते फाटी गयं. हाई वांगंच शे. तिना नाव घेनारी मी येकटी. मी गऊ की संपनं."

"काय नाव आईचं?" मी विचारलं.

"भिकाबाई." नाव सांगताना तिने पदर सारखा केला. मग माझ्याकडे वळली. "भाऊ, तुम्ही लिखतस ना? मंग लिखा ना बोर्डवर."

फलक रंगवून झाला आहे, असं मी म्हणालो. हे खरं होतं. बैठकीच्या खोलीतला हाराचा फोटो मला बसल्या जागेवरून दिसत होता.

चंपाषष्ठी

चातुर्मासात वांगं वर्ज्य करणारी घरं चंपाषष्ठीला भरीत करून ते पुन्हा सुरू करतात. आमच्याकडेही नैवेद्याला चमचाभर असतं. यशवंतभाऊंनी मुहूर्त म्हणून हाच दिवस धरला होता आणि चमचा हे माप इथे कोणाला माहीत नव्हतं.

आता एका गैरसमजाची हकिकत. बाकीच्यांचे वाळवलेले तुकडे चालणार होते, इथली हरितलवकं मात्र अख्खी वेगळी काढायची होती, आणि त्यासाठी पानात पिष्ट कमी हवं; झाड दोन दिवस अंधारात ठेवलं की ते आपलं साठवलेलं पिष्ट खाऊन टाकतं. म्हणून प्रमिलाने आठवड्यापूर्वीच फोनवर सांगितलं होतं, की वेशीजवळच्या वाफ्यातली थोडी झाडं काळ्या कापडाने झाका आणि मी पानं घेईपर्यंत उघडू नका. यशवंतभाऊंनी ते तंतोतंत पाळलं. फक्त, एखादी वस्तू कापडाने झाकली तर ती कोणाच्या तरी हस्ते उघडायची असते, याखेरीज दुसरा अर्थ त्यांच्या सार्वजनिक आयुष्यात कधी आला नव्हता.

सकाळी वाफ्याजवळ पोचलो तर काळ्या कापडाला लाल फीत, फितीला गोंडा, चारी कोपऱ्यांना झेंडू. मंडप, माईक, बँड. प्रमिलाने यशवंतभाऊंना गाठलं.

"भाऊ, हे उन्हात उघडायचं नाही! मला पानं आत, सावलीत घ्यायचीत."

"घ्या ना मॅडम, घ्या. साहेबांनी दोरी वढली की लगेच घ्या."

साहेब आले. उशिरा आले, म्हणजे ऊन चांगलं वर चढल्यावर. निवेदकाने घसा साफ केला. "आता साहेबांच्या शुभहस्ते वांग्याचं अनावरण होईल!" बँडने सुरुवात केली, साहेबांनी दोरी ओढली, कापड घसरलं.

अंधारात राहिलेली झाडं मलूल, पानं खाली टाकून उभी होती. टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच विरल्या.

"हे तं आजारी दिसून राह्यलं," पुढच्या रांगेतला एक नाना मोठ्याने म्हणाला.

"उन्हाळी लागली असंल."

"मार्गशीर्षात कोठून उन्हाळी, बावा?"

साहेबांनी अनुभवी माणसाप्रमाणे झाडांना हार घातले. ओझ्याने दोन मोडली. एवढ्यात प्रमिला ब्लेड घेऊन पुढे धावली. फोटोग्राफरने नेमका तोच क्षण टिपला: साहेब हात जोडून उभे आणि त्यांच्यासमोर पाठमोरी एक बाई वांग्याची पानं कापते आहे. पुढे हा फोटो छापूनही आला. खाली 'सत्कार स्वीकारताना' असं होतं.

ती पानं घेण्यात फारसा अर्थ उरला नव्हता. प्रमिला गर्दीतून बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा त्या झाडांसारखाच झाला होता. अक्काने तिची बाही ओढली आणि आम्हा दोघांना मागच्या परसात नेलं. न्हाणीजवळ एक घोंगडी उभी होती, खाली काहीतरी असल्यासारखी.

"तू फोनवर यशवंताले सांगे, ते मी आयकेल," अक्का म्हणाली. "परवापासीन झाकेल शे. कुतरालेबी उघडू दिधं नही."

घोंगडीच्या आत शिरून प्रमिलाने पानं खुडली. बाहेर माईकवरून दगडू पाटील आणि साधू यांची भेट चालू होती. अक्का घोंगडीचं टोक धरून उभी होती आणि डोळे मिटून काही पुटपुटत होती. देवाचं नाव असेल, किंवा आईचं.

मग भरीत. शेतात चर खणून त्यावर कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ केला होता आणि वांगी त्यात अक्षरशः ओतत होते. पुण्यात आम्ही गॅसवर एक वांगं भाजतो आणि आठवडाभर शेगडी पुसतो. इथे भाजलेला गर लाकडी भांड्यात हिरव्या मिरच्या, लसूण घालून ठेचला, वर तेलात परतलेले शेंगदाणे, कांद्याची पात. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. आमच्याकडे भरतात दही घालतात, असं मी शेजाऱ्याला सांगितलं. त्याने आपल्या शेजाऱ्याला सांगितलं. ती बातमी पंगतभर फिरली आणि लोक वळून माझ्याकडे पाहू लागले. एकाने कीव येऊन मला आणखी वाढलं.

खाता खाता मी ते भाषण विसरलो, साहेब विसरलो, फलकही विसरलो. असं काही बियातून बियात जपून ठेवणाऱ्या माणसाचं नाव कुठेतरी असावं, एवढंच वाटत राहिलं. ते दगडू पाटील की भिकाबाई हे मला ठरवता येत नव्हतं. अक्कावर माझा विश्वास होता. पण मी तपासनीस म्हणून आयुष्य काढलं आहे. माझ्या विश्वासावर मी एक स्वल्पविरामही बदललेला नाही.

नंतर

पानांचं वाचन एका मोठ्या प्रयोगशाळेत झालं आणि निकाल यायला काही महिने गेले. प्रमिलाने यशवंतभाऊंना फोन केला. अक्का बाजूलाच होती. प्रमिलाने सरळ सांगितलं, की रावेरचं आणि पिंपळनेरचं हरितलवक अक्षरन् अक्षर एक आहे, बांधावरची डोरली वेगळी आहे. पण यावरून बी कुठून कुठे गेलं हे सिद्ध होत नाही. ती आणखीही एक गोष्ट सांगणार होती, पण 'एक आहे' याच्यापुढचं पलीकडे कोणी ऐकत नव्हतं.

यशवंतभाऊ म्हणाले, म्हणजे आजोबांचं वांगं पार पिंपळनेरपर्यंत गेलं! अक्का म्हणाली, "दखं? मी काय सांगू व्हती?" मग ती रडायलाच लागली. यशवंतभाऊंनी आपल्या आईला असं रडताना बहुधा पाहिलेलं नसावं. फोन तसाच चालू राहिला, आणि प्रमिलाला बराच वेळ नुसतं केळीच्या पानांचं सळसळणं ऐकू आलं.

दोन दिवसांनी त्यांनी मला फोन केला. "सर, एक ओळ पाहिजे. अक्काच्या आईची. जागा कमी हाय, पेंटरच्या मोबाइल नंबरवर थोडी हाय."

मी विचार करकरून लिहिलं: 'बियाणे: भिकाबाई, पिंपळनेर यांचे, असे त्यांच्या कन्या सांगतात.' प्रमिलाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, हे बरोबर आहे, यात खोटं काही नाही.

संध्याकाळी यशवंतभाऊंनी फलकाचा फोटो पाठवला. साहेब होते तिथेच आहेत, दगडू पाटील जनक आहेत. तळाशी बारीक अक्षरांत 'बियाणे: भिकाबाई, पिंपळनेर' एवढंच आहे. 'असे त्यांच्या कन्या सांगतात' हे जागेअभावी गाळलं. फोटोत अक्का त्या ओळीखाली उभी आहे, पदर सारखा करून, आणि कॅमेऱ्याकडे पाहत नाही.

वांगं अजून जांभळंच आहे. मी ते पुन्हा प्रमिलाच्या कानावर घातलं, तेव्हा तिने फोनवर सांगायची राहिलेली गोष्ट मला सांगितली. पुण्याच्या मंडईतून मी नेलेल्या जांभळ्या वांग्याचं हरितलवकही तेच निघालं होतं.